बी.ए.चा हिशेब विसाव्या वर्षी करा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी १९८६ साली बी.ए. झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्पेशल विषय इतिहास, जोडीला अर्थशास्त्र आणि मराठी, आणि पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र. पुढच्याच वर्षी एका नागरी सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि २०२३ साली मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. मधली छत्तीस वर्षं हिशेब बघण्यात गेली, म्हणून आज एका हिशेबाबद्दलच आपल्याला लिहिते आहे.

गेल्या जूनमध्ये माझ्या जुन्या कॉलेजात गेले होते. जिन्याशेजारच्या ज्या खोलीत तर्कशास्त्राचा तास व्हायचा, तिथे आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आहेत. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. दोन वर्षं तासिका तत्त्वावर कोणीतरी आलं. मग मुलं येत नाहीत म्हणून विषयच बंद झाला. प्राचार्य सज्जन आहेत. ते म्हणाले, "मॅडम, आम्हाला प्लेसमेंट विचारतात. तत्त्वज्ञानाचं प्लेसमेंट मी काय दाखवू?" त्यांना जे विचारलं जातं त्याचं ते उत्तर देतात. विचारणारं शासन आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

प्लेसमेंट हा शब्द मी नाकारत नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला पदवीनंतर लगेच पगार सुरू होणं किती निकडीचं असतं ते मला ठाऊक आहे. माझा पहिल्या वर्षाचा पगार वडिलांचं सोसायटीचं कर्ज फेडण्यात गेला. पण बँकेत आम्ही कुठल्याही कर्जाची पारख पहिल्या हप्त्यावरून करत नाही. मुदत बघतो. शिक्षणाची मुदत पस्तीस-चाळीस वर्षांची असते आणि तिचं खातं आपण पहिल्या बारा महिन्यांतच मिटवून टाकतो. कला शाखा मार खाते ती इथे.

माझ्यासकट त्या वर्षी बँकेत पाच जण लागले. चौघे बी.कॉम., मी एकटी बी.ए. पहिली सात-आठ वर्षं ते माझ्यापुढे होते, हे सांगायलाच हवं. महिनाअखेरीला लेजरचं बॅलन्सिंग असायचं. खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही की रात्री नऊ-दहापर्यंत फरक शोधत बसायचं. आमच्यातला एक जण आकड्यांच्या रांगेवरून नुसतं बोट फिरवत खाली यायचा आणि बेरीज तोंडाने सांगायचा. फरकाला नवाने भाग जात असेल तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४चे ४५ लिहिले गेले असावेत, हे मला त्याने शिकवलं. मला ते कसब त्याच्याइतकं कधी साधलं नाही. मग शाखेत संगणक आले. ज्या कामासाठी तो रात्री दहापर्यंत थांबायचा ते एका बटणासरशी होऊ लागलं. त्याची हुशारी कुठे गेली नव्हती, पण तिला गिऱ्हाईक उरलं नाही. निवृत्त होईपर्यंत तो काउंटरवरच राहिला. त्याच्याबद्दल आजही आदर आहे आणि हळहळही आहे, कारण चूक त्याची नव्हती. त्याला एकच गोष्ट उत्तम शिकवली गेली होती आणि तीच आधी कालबाह्य झाली.

जे काम उरलं ते निराळं होतं. कर्जदार काय सांगतो आहे आणि काय गाळतो आहे ते ऐकायचं. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचून त्याचा अर्थ शाखेतल्या लोकांना सोप्या मराठीत सांगायचा. संचालक मंडळापुढे दोन पानांची टिपणी ठेवायची, आणि ती अशी लिहायची की गूळ विकणाऱ्या संचालकालाही कळावी आणि वकील असलेल्यालाही खोट काढता येऊ नये. यातलं काहीही मला बँकेने शिकवलं नाही. मी ते घेऊनच आले होते, आणि आपल्याजवळ ते आहे हे कळायला मला दहा वर्षं लागली.

तर्कशास्त्राचे आमचे सर तासाच्या सुरुवातीला म्हणायचे, "कावळा बसायला..." आणि वर्गाने पुरं करायचं, "...आणि फांदी मोडायला!" मग ते विचारत, फांदी कावळ्यामुळेच मोडली असं म्हणायचं तर काय काय तपासावं लागेल? कोणी म्हणायचं, फांदी वाळकी होती का. कोणी म्हणायचं, वारा सुटला होता का. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्या फांदीवर आधी किती कावळे बसून उडून गेले तेही बघायला पाहिजे." सरांनी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि तास तिथेच संपवला.

पुढे बँकेतली एक गोष्ट, तिला वीस वर्षं झाली असतील. आमच्या एका शाखेने डिसेंबरात जादा व्याजाची ठेव योजना काढली आणि जानेवारीअखेर त्या शाखेच्या एकूण ठेवी भराभर वाढल्या. मुख्य कार्यालयात आनंदीआनंद. योजना सगळ्या शाखांना लागू करावी अशी टिपणी तयार होऊन माझ्या टेबलावर आली. मला फळ्यावरचं ते वाक्य आठवलं. शाखा साखर कारखान्याच्या पट्ट्यातली होती आणि कारखान्याने उसाची पहिली उचल जानेवारीतच जमा केली होती. शेजारच्या दोन शाखांचे आकडे मागवले. तिथे योजना नव्हती, तरी ठेवी तशाच वाढलेल्या. मग खातेनिहाय उतारे काढले तर दिसलं, की नव्या योजनेत आलेला बराचसा पैसा आमच्याच खातेदारांच्या बचत खात्यांतून उचलून ठेवलेला होता. म्हणजे जो पैसा आमच्याकडे होताच तो आम्ही चढ्या व्याजाने पुन्हा विकत घेत होतो. टिपणी मागे घेतली गेली. तर्कशास्त्राच्या त्या एका वर्षाची फी किती होती ते मला आठवत नाही, पण बँकेने त्या दिवशी वाचवलेल्या रकमेपुढे ती काहीच नसणार.

आता मोडी लिपीचं सांगते, कारण ते अधिक महत्त्वाचं आहे.

आमचे इतिहासाचे सर शनिवारी दुपारी तास संपल्यावर मोडी शिकवायचे. अभ्यासक्रमात नव्हतं, गुण नव्हते. आम्ही सात जण बसायचो. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटतो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. म्हणून सगळी अक्षरं ओळखता आली तरी वाक्य हाती लागेलच असं नाही. कागद कोणत्या सालचा, कोणी कोणाला लिहिलेला, कशासाठी, हे मनाशी जुळवत जावं लागतं. घरी आई विचारायची, "हे शिकून काय करणार गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते सदतीस वर्षांनी आलं. सप्टेंबर २०२३मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे तो राज्यभर चालला. आरक्षणाबद्दलचं माझं मत इथे सांगत नाही, तो या पत्राचा विषय नाही. पण त्या कामासाठी कपाटं उघडली गेली, गाव नमुना १४चे, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कागद निघाले, शाळांची जनरल रजिस्टरं निघाली, महसुलाची दप्तरं निघाली. त्यातलं कितीतरी मोडीत. आणि मग सगळ्या प्रशासनाच्या लक्षात आलं की कागद आहेत, पण वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मी नुकतीच निवृत्त झाले होते, मलाही बोलावणं आलं. तीन महिने मी आणि एक तरुण मुलगा एका टेबलाशी समोरासमोर बसून कागद बांधलेले रुमाल सोडत होतो, पानं वाचत होतो.

तो मुलगा हुशार होता. काही महिन्यांच्या वर्गात मोडी शिकून आला होता आणि अक्षर माझ्यापेक्षा झरझर लावायचा. एक दिवस म्हणाला, "मॅडम, हे पान दुबार झालंय वाटतं, बाजूला ठेवतो." मी बघितलं. एका लहानशा गावात एकाच दिवशी तीन मृत्यू, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पुन्हा चार. एकाच घरातली नावं. कारण सगळ्यांपुढे एकच, ताप. लेखनिकाचा हात घाईने चाललेला. मी साल वाचायला सांगितलं. ऑक्टोबर १९१८. इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात माणसं पटापट गेली तो महिना. पान दुबार नव्हतं. आम्ही एकेक नाव पुन्हा वाचलं, हळू, आणि त्या पानावरच्या दोन नोंदी एका कुटुंबाच्या कामाला आल्या. मुलाला अक्षरं येत होती, त्या वर्षी काय झालं होतं ते कोणी शिकवलं नव्हतं. पुढे तो रोज घरी जाताना माझ्याकडून एक पुस्तक नेऊ लागला.

लोक म्हणतात, आता यंत्रं मोडी वाचतील. वाचोत, मला आनंदच होईल; पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद पडून आहेत, ते माणसांच्या हाताने या जन्मात वाचून होणार नाहीत. पण यंत्राने लावलेला मजकूर बरोबर की चूक ते ठरवायला कोणीतरी लागणार, आणि त्याला लिपीबरोबर इतिहास, महसुलाची रीत, गावगाडा आणि भाषा हे सगळं थोडंथोडं यावं लागणार. यंत्रं जितकी अधिक कामं करतील तितकं हे थोडंथोडं महाग होत जाईल. लेजरच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझी उदाहरणं लहान आहेत. एक मोठं देते, ते आपल्याला माहीत आहे, पण या बाजूने पाहिलं जात नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्या तीन वर्षांत त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय घेतले. भारतातल्या जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिथे बसायचं काही कारण नव्हतं. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. वकिली केली, प्राध्यापकी केली, वर्तमानपत्रं चालवली. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं, आणि त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज असल्यामुळे दामोदर खोऱ्याच्या योजनेत लक्ष घातलं. त्यानंतर राज्यघटना. एका आयुष्यात चलनापासून धरणापर्यंत आणि धरणापासून घटनेपर्यंत जाता आलं, त्याची तयारी त्या तीन वर्षांच्या विषयांच्या यादीत दिसते. आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढल्यावर गरिबांच्या मुलांसाठी त्यांनी पहिलं कॉलेज कुठलं उघडलं? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, कला आणि विज्ञानाचं. या मुलांना लवकर पोटाला लागायचं आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं?

दामोदर कोसंबींचाही दाखला मला बँकेमुळे फार जवळचा वाटतो. गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचा आणि तराजूवर प्राचीन, ठसे उमटवलेली आहत नाणी तोलायचा. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, जितकं जास्त फिरलं तितकं हलकं होतं, मग वजनावरून कोणतं नाणं आधीचं ते सांगता येईल, असा त्यांचा विचार. तो पारखायला त्यांनी चलनातली हजारो साधी नाणी तोलली. आम्ही कॅशियर लोक तीच झिजलेली नाणी रोज मोजत होतो.

महोदय, आज पुण्याजवळ फ्लेम विद्यापीठात, हरियाणात सोनिपतच्या अशोका विद्यापीठात मुलं अर्थशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान शिकतात, संगणकशास्त्राबरोबर साहित्य शिकतात, आणि त्यासाठी पालक वर्षाला लाखो रुपये मोजतात. या विद्यापीठांबद्दल माझी काही तक्रार नाही. ती जे देत आहेत ते चांगलंच आहे. मुंबईच्या आयआयटीतही अभियंत्यांना मानव्यविद्यांचे विषय घ्यावे लागतात. म्हणजे ज्याला परवडतं, ज्याला आयआयटीचा दरवाजा उघडतो, त्याच्यासाठी ही विद्या मोलाची आहे. आणि माझ्या तालुक्यातल्या ऊसतोड मजुराच्या मुलीने हेच विषय घेतले की शेजारी विचारतात, "आर्ट्सलाच गेली का शेवटी?" लिबरल आर्ट्स म्हटलं की प्रतिष्ठा, आर्ट्स म्हटलं की कीव. विषय तेच आहेत. मला याचा राग येतो.

कला शाखेत आज जे चाललं आहे ते सगळं चांगलं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. वर्गात हजेरी नाही, मूळ पुस्तक कोणी उघडत नाही, परीक्षेच्या आठवड्यात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच घेऊन मुलं पास होतात. तीन वर्षांत एकही निबंध स्वतःच्या शब्दांत न लिहिता बी.ए. झालेली मुलं आमच्याकडे मुलाखतीला यायची, त्यांना अर्ज लिहिता येत नसे. अशा पदवीला बाजारात किंमत मिळाली नाही तर बाजाराला दोष कसा द्यायचा? पण पाच विषयांना मिळून दोन कायमचे प्राध्यापक असले, बाकीचे तासावर पैसे घेऊन तीन गावं फिरत असले, तर मुलांना मूळ पुस्तक उघडून दाखवायचं कोणी? आमच्या त्या सरांना शनिवारची दुपार मोकळी मिळाली, कारण त्यांना महिन्याचा पगार होता. मोडीचा वर्ग त्या पगारावर उभा होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आपण राज्यात लागू केलं. त्यात बाणभट्टाच्या 'कादंबरी'चा आणि चौसष्ट कलांचा दाखला आहे, बहुविद्याशाखीय शिक्षणावर आख्खं प्रकरण आहे. मी ते वाचलं, मनापासून आवडलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कागदावर सगळं आहे. तालुक्याच्या कॉलेजात मात्र ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ज्या विषयाचा माणूस त्या वर्षी हजर असेल तो विषय. निवड मुलाने करायची, असं धोरण सांगतं. प्रत्यक्षात ती रिकामी खुर्ची करते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. तत्त्वज्ञान, इतिहास, भाषा, मानसशास्त्र यांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. एका कॉलेजला तत्त्वज्ञानाचा पूर्ण वेळ माणूस परवडत नसेल तर तालुक्यातल्या तीन कॉलेजांत मिळून एक द्यावा आणि वेळापत्रक तसं बसवावं. बँकेत आम्ही सोनं पारखणारा एक सोनार चार शाखांत फिरवायचो, काम अडलं नाही. मुलं कमी आहेत एवढ्याच कारणाने विषय बंद करायला परवानगी देऊ नये. आणि कॉलेजांकडून जी माहिती मागवता तिच्यात एक रकाना वाढवावा: दहा वर्षांपूर्वी आणि वीस वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात? उत्तरं काय येतील ते मी आधीच सांगणार नाही. येऊ द्यावीत. कदाचित काही पदव्यांबद्दलचा आपला समज पुरता बदलेल, काही बाबतीत माझाही बदलेल.

मी आता रविवारी सकाळी घरच्या पडवीत मोडीचा वर्ग घेते. फी नाही. अकरा जण येतात, त्यात एक मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांच्या पेटीत सापडलेला कागद वाचायला म्हणून आली आणि राहिली. नियमाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचं घ्यायचं असतं, म्हणून तिने कॉलेजात इतिहास मागितला. इतिहासाची जागा रिकामी आहे, तेव्हा यादीतलं दुसरं काहीतरी घ्या, असं तिला सांगण्यात आलं. तिने मला विचारलं, शेजारच्या गावातल्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक आहेत, तिथे बसून शिकले तर ते क्रेडिट माझ्या पदवीत धरतील का? मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, ज्यांना माहीत असेल त्यांना लिहून विचारते.

ती येत्या रविवारी दहा वाजता येईल. आपलं उत्तर तोवर आलं नाही तर पुढच्या रविवारीही येईल. तिला काय सांगू ते कळवावं.

कळावे,

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, बी.ए. (इतिहास)
जिल्हा सातारा